जुनी फायबर बोट दुरुस्त करावी काय? कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. समुद्र गाठायचा तर आंबा, गगनबावडा, फोंडा असा एखादा घाट उतरावाच लागतो. त्यामुळे इथल्या माणसाला बोटीचा मोह होणार नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो. पण कबुतरं, कुस्ती, पेठेचा फुटबॉल आणि भंगारातून उचललेल्या बुलेट यांच्यापायी जेवणवेळ विसरणाऱ्यांच्या या गावात, समुद्र नाही एवढ्या किरकोळ कारणासाठी कुणी बोटीचा नाद सोडणार नाही. शिवाय पाणी नाही असंही नाही. दर काही वर्षांनी ते आपण होऊन घरात येतं.

हे मार्गदर्शन बोट अजून न घेतलेल्यांसाठी आहे. घेऊन झाली असेल तर थेट सहाव्या पायरीपासून वाचा. आधीच्या पायऱ्यांनी आता फक्त मनस्ताप होईल.

लागणारं साहित्य

छोटी हातोडी, खडू, दाभण, ड्रिल मशीन, बॅटरी, डोळ्यांना चष्मा, फेकून द्यायचे कपडे, वही-पेन आणि एक मित्र. मित्र निवडताना काळजी घ्या. त्याला बोटीत रस असता कामा नये. ठरावीक अंतरानं "राहू दे, चल" एवढंच म्हणणं हे त्याचं काम.

पायरी १ : बोटीचं कुळ विचारा

आपल्या भागात जुन्या फायबर बोटी साधारण चार कुळांतल्या सापडतात.

पहिलं कुळ हंसाचं. एखाद्या तलावावर पोरंटोरं पायडल मारत फिरायची, ती बोट. मान मोडलेली असते, पायडलची साखळी गंजलेली असते आणि चोच कुणीतरी नेलेली असते. ही दुरुस्त करायला सोपी, पण दुरुस्त केल्यावर आपल्याकडं एक हंस आहे, हे वास्तव पुढं आयुष्यभर सोबत राहतं.

दुसरं कुळ कोकणातलं. मच्छीमारीची होडी, ट्रकवर चढून घाट वर आलेली. कोकणात लाकडाच्या जागी फायबर आलं, त्याला कारणं आहेत. लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड फायबर खात नाही आणि दरवर्षी फटी बुजवायचं काम वाचतं. या होड्या जाड आणि दणकट असतात. अशी होडी विकायला का काढली, एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं.

तिसरं कुळ बेकायदा वाळूउपशाचं. मराठी वर्तमानपत्रात "फायबर बोट" हे शब्द दिसले, की त्याच वाक्यात पुढं बहुतेक वेळा "महसूल पथकानं जिलेटिनच्या स्फोटानं उडवली" असं असतं. बोटीला इंजिनाची बैठक वाजवीपेक्षा मोठी असेल, तळात वाळू असेल आणि मालक मोबाइल नंबर द्यायला कां-कूं करत असेल, तर हे कुळ ओळखावं. स्फोटानं पडलेली भोकं या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाहीत.

चौथं कुळ पुराचं. २००५, २०१९, २०२१ अशा एखाद्या महापुरानंतर गावासाठी म्हणून आलेली बोट. पहिला उन्हाळा ती ताडपत्रीखाली असते. दुसऱ्या उन्हाळ्यात ताडपत्री कुणाच्या तरी कडब्यावर जाते. त्यानंतर बोटीत शेळ्या बसतात. चार कुळांत सर्वात दुर्लक्षित हीच, आणि खरा विचार करावा अशीही हीच. त्याबद्दल पायरी ९ मध्ये.

पायरी २ : रंगावर भाळू नका, रंगावरून नाकारूही नका

बाहेरून दिसतो तो जेलकोट. हा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर. उन्हानं तो पिठाळतो. अंगठा घासला तर पांढरी पूड हाताला लागते. विकणारा ती पुसून टाकेल, तुम्ही मनावर घेऊ नका. हे सौंदर्यशास्त्र आहे, पॉलिशनं सुटतं.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर जरा थांबा. एका बिंदूपासून चहूकडं पसरलेल्या चिरा म्हणजे तिथं काहीतरी आदळलं आहे. आतून तीच जागा बघा. आतही पांढरट डाग असेल तर काचतंतूंच्या मॅटचे थर सुटलेले आहेत.

आता फोड. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या बोटीत जेलकोटमधून पाणी हळूहळू झिरपतं, आत काचतंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या पूर्ण घट्ट न झालेल्या अंशाशी मिसळतं आणि आम्लासारखा द्रव तयार होऊन फोड येतो. चष्मा लावून एक फोड दाभणानं टोचा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर निदान झालं. पाच-दहा फोड म्हणजे किरकोळ काम. तळभर फोड म्हणजे संपूर्ण तळ सोलून, महिनोन्महिने वाळवून पुन्हा थर चढवणं. इथं मित्राचं वाक्य ऐका.

"पण किती जुनी आहे ती!" या उद्गाराला मात्र घाबरू नका. काचतंतूची बोट हा प्रकार १९४०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. ओहायोतल्या रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये अशी पहिली छोटी बोट केली, असं मानतात. सुरुवातीच्या कारागिरांचा या नव्या मालावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी गरजेपेक्षा जाड थर दिले, आणि त्यांतल्या बऱ्याच बोटी टिकल्या. फायबर सहसा म्हातारं होऊन मरत नाही. त्याच्या पोटातलं लाकूड मरतं.

पायरी ३ : वाजवून बघा

आठवडी बाजारात मडकं घेताना टिचकी मारतात, तशी बोट इंचाइंचानं हातोडीनं वाजवायची. टणक, कोरडा आवाज आला तर पुढं सरका. बद्द, पोकळ आवाज आला तर खडूनं वर्तुळ काढा. काम संपल्यावर चार पावलं मागं येऊन बघा. वर्तुळं मोजता आली तर बोट दुरुस्त होण्याजोगी आहे. वर्तुळं एकमेकांत मिसळून एकच मोठं वर्तुळ झालं असेल, तर खडू परत करा.

या वेळी विकणारा म्हणेल, "काय नाय हो, वरनं एक हात मारला की पाण्यात!" त्याला विचारा, तुम्ही का नाही मारला? हा प्रश्न हसत विचारायचा.

पायरी ४ : पोटातलं लाकूड

बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती बहुतेक वेळा दोन फायबर थरांमध्ये दाबलेलं प्लायवूड असते. आतल्या जमिनीखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांतही लाकूड असतं. इंजिनाचे बोल्ट जिथं घुसतात तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायचा रस्ता त्याला सापडत नाही. त्यातून आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस. सरळ ठेवलेली उघडी बोट पावसाळाभर पाणी साठवते आणि तिचं लाकूड ते निवांत पीत राहतं.

मालकाची परवानगी घेऊन मागच्या फळीत आतल्या बाजूनं तीन-चार बारीक भोकं पाडा. कोरडा, फिकट भुसा आला तर उत्तम. काळा, ओला, कुजका वास येणारा लगदा आला, तर फळी संपली. भोकातून पाणी ठिबकायला लागलं तर काही बोलू नका, नुसतं मालकाकडं बघा.

हुशार विक्रेता इथं "म्हादेई"चं नाव काढेल. त्यालाही तयारी ठेवा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली नौदलाची ही शिडाची नौका लाल देवदाराच्या पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सी चढवून केलेली आहे. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवरून कुठंही न थांबता फेरी पूर्ण केली. म्हणजे लाकूड आणि फायबर यांचं वैर नाही. फक्त म्हादेई कधी गोठ्यामागं आभाळाकडं तोंड करून पडून राहिली नव्हती, एवढं विक्रेत्याच्या नजरेस आणून द्या.

पायरी ५ : फुकट्या प्रवासी शोधा

बोट बुडू नये म्हणून आतल्या जमिनीखाली फोम भरलेला असतो. पाण्यात वर्षं काढल्यावर हाच फोम पाणी पिऊन बसतो. एक घनफूट जागेत २८ लिटर पाणी मावतं. चार घनफूट फोम पुरता भिजला असेल तर ११२ किलो झाले.

हे आकडे पाण्यावर काय करतात ते बघा. साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद बोटीचा पाण्यावर टेकणारा भाग, पुढची निमुळती बाजू वजा जाता, साधारण ५ चौरस मीटर धरा. अशी बोट दर ५० किलोला एक सेंटिमीटर खाली बसते. ७० किलोचा माणूस बसला की दीड सेंटिमीटरच्या आसपास. भिजलेला फोम म्हणजे बोटीत कायमचा बसलेला दीड माणूस. तो वल्हं मारत नाही आणि बोट बुडायला लागली की उडीही मारत नाही.

बोट हलवताना चार पैलवान लागले आणि तरी ती हलली नाही, तर पैलवानांच्या खुराकावर शंका घेऊ नका.

पायरी ६ : हिशेब वहीत मांडा, डोक्यात नको

डोक्यातला हिशेब नेहमी बोटीच्या बाजूनं असतो. वहीत असा मांडायचा.

भोक बुजवताना नुसतं भोक बुजवून चालत नाही. जाडीच्या बारापट अंतर चहूकडून उतार देऊन घासावं लागतं, तेव्हा नवा थर जुन्याला धरतो. तळ ६ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूनं ७२ मिलिमीटर. म्हणजे ८ सेंटिमीटरच्या भोकासाठी जवळजवळ साडेबावीस सेंटिमीटरचं वर्तुळ घासायचं. नंतर ४५० ग्रॅमची मॅट, एकेक थर. वाळल्यावर थर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणून सहा थर.

संपूर्ण बोटीला बाहेरून एक थर द्यायचा ठरवलं आणि क्षेत्रफळ १३ चौरस मीटर भरलं, तर मॅट सुमारे ६ किलो आणि अडीचपट रेझिन, म्हणजे जवळपास १५ किलो. दोन थर दिले की बोटीचं वजन ४० किलोंनी वाढलं. तुम्ही तिला मजबूत करताय की नांगर बनवताय, हे इथं तपासा.

यात ग्राइंडरच्या चकत्या, ब्रश, रोलर, ॲसिटोन, मास्क, जेलकोट आणि प्लायवूड धरा. आलेल्या बेरजेत बोटीची किंमत मिळवा. मग त्याच मापाच्या नव्या बोटीचा भाव विचारा. बहुतेक वेळा दोन आकडे एकमेकांकडं बघून ओशाळतात. मजुरी अजून धरलेलीच नाही. ती धरू नका, नाहीतर हे मार्गदर्शन इथंच संपेल.

आता तीन सूचना, या थट्टेच्या नाहीत. पहिली : रेझिन घट्ट करणारे कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, कॅटलिस्ट शेवटी, तेही १ ते २ टक्केच. दुसरी : कॅटलिस्टचा एक थेंब डोळा घालवू शकतो, चष्म्याशिवाय झाकण उघडू नका. तिसरी : घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. अंगाला सुटणारी खाज ही त्यातली सर्वात प्रेमळ शिक्षा. आंघोळ थंड पाण्यानं करा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

ऋतूही पाळा. दिवाळीनंतर कामाला लागा. एप्रिलच्या दुपारी रेझिन मग्यातच तापून धुरायला लागतं, तुम्ही ब्रश शोधेपर्यंत त्याचा दगड होतो. जूनमध्ये दमट हवेनं थर नीट बसत नाही. आणि "पावसाच्या आधी होतंय की" हे वाक्य कोल्हापुरात बांधकाम, लग्न आणि बोट या तिन्हींबाबत आजवर खरं झालेलं नाही.

पायरी ७ : सल्लागार मंडळ

बोट दारात आली की संध्याकाळी मंडळ आपोआप जमतं. एक जण "एम-सील लाव" म्हणेल. दुसरा डांबर सुचवेल. तिसरा "पत्रा मारून टाक, विषय संपला" म्हणेल. चौथा काहीच बोलणार नाही, तो बोटीत बसून फोटो काढेल. सर्वांना चहा द्या, कुणाचंही ऐकू नका.

बोटीचं नाव रंगवायची घाई करू नका. भोकं बुजवण्याआधी नाव रंगवलेल्या बोटी पाण्यापर्यंत पोचत नाहीत. नारळ फोडून झाला की काम झालं अशी मनाची समजूत होते आणि ग्राइंडर पुन्हा हातात येत नाही.

पायरी ८ : इंजिन आणि पाणी

उद्यमनगरातल्या कारखान्यांत जे बनत नाही ते जगात कुठंच बनत नाही, अशी आपली श्रद्धा आहे, आणि ज्या गावानं महाराष्ट्राच्या विहिरींवर ऑइल इंजिनं बसवली त्याला ती शोभते. तरीही मागच्या फळीची उंची मोजल्याशिवाय इंजिन बघायला जाऊ नका. बाहेर टांगायची इंजिनं प्रामुख्यानं १५ आणि २० इंची फळीसाठी येतात. आखूड इंजिन उंच फळीवर लावलं तर पंखा हवा कापतो. आणि पायरी ४ मध्ये फळी कुजकी निघाली असेल, तर इंजिन लावल्यावर बोट जागेवर राहील आणि इंजिन एकटंच पुढच्या गावाला निघेल.

इंजिन लावलं की कागदपत्रंही आली. देशांतर्गत पाण्यावर चालणाऱ्या यांत्रिक नौकांना २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. "आपल्या नदीत कोण विचारतंय" हे उत्तर नदीला चालतं, कायद्याला नाही.

आता चालवणार कुठं? रंकाळा तलावात तुमची खाजगी बोट कुणी सोडू देणार नाही, आणि सोडलीच तर केंदाळ पंख्याला मिठी मारायला तयार असतं. उरली पंचगंगा. इथं एक गंमत आहे. ज्या बंधाऱ्यांना राज्यभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात, त्यांनीच आपल्या नदीचे तुकडे केले आहेत. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाणी तुंबतं आणि बोटीला मिळतो एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंतचा पट्टा. पावसाळ्याआधी बरगे काढतात, नदी सलग होते, आणि नेमकी तेव्हाच ती नवशिक्यानं पाय घालण्याजोगी राहत नाही. थोडक्यात, वर्षातले आठ महिने तुमची बोट एका लांबट हौदात फिरेल. त्यात आनंद असेल तर अवश्य घ्या. लोक याहून लहान गोष्टींत आनंद मानतात.

पायरी ९ : तिच्यात बसणार कोण?

इथवरचं सगळं गणित लाकूड, रेझिन आणि पैशाचं होतं. ते जवळजवळ नेहमी "नको" असंच उत्तर देतं. खरा निकाल मात्र या प्रश्नावर लागतो.

बोटीत फक्त तुम्ही बसणार असाल, पोहता येत असेल आणि अंगात जॅकेट असेल, तर सगळे आकडे फाडून टाका. नाद आहे, करा. कबुतरांचा हिशेबही कुणी वहीत मांडत नाही.

पण बोट पुराच्या कुळातली असेल, किंवा उद्या पुरात ती बाहेर काढली जाईल अशा गावात तुम्ही राहत असाल, तर एकही सवलत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातल्या गावांना वेढा पडला. अशा वेळी गुऱ्हाळातली काहीलसुद्धा पाण्यात सोडून लोकांनी माणसं पैलतीरी नेली आहेत. तिथं जुनी फायबर बोट असेल तर "ही फक्त हौसेची आहे" असं सांगायला कुणाची जीभ उचलणार नाही. ती निघेलच. आणि माणसं बसतील, मोजून नाही, मावतील तितकी.

८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. जमिनीवर उभं राहून बोटीची क्षमता कितीही सांगता येते. पाण्यात ती पायरी ५ च्या हिशेबानंच ठरते.

म्हणून दुरुस्तीनंतर एक परीक्षा घ्या. उन्हाळ्यात, कमरेएवढ्या संथ पाण्यात, बोटीत कुणीही नसताना ती काठोकाठ पाण्यानं भरा. ती पाण्याखाली गेली तर आतला फोम नावापुरता आहे. तरंगत राहिली तर माणसांच्या वजनाची वाळूची पोती एकेक करून ठेवा आणि कोणत्या पोत्याला ती हार मानते ते बघा. त्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडचा आकडा बोटीवर दोन्ही बाजूंनी ठळक रंगवा. नावाआधी हा आकडा. आणि तितकीच जॅकेटं बोटीतच ठेवा, तालमीच्या माळ्यावर नाही.

निकाल

फळी शाबूत, फोम कोरडा, वर्तुळं मोजण्याइतकी : घ्या.

फळी कुजकी, बाकी ठीक : बोट फुकट मिळत असेल आणि एक हिवाळा मोकळा असेल तरच घ्या.

फोड तळभर, फोम भिजलेला, तळ दाबला की लवतो : हात जोडा. बाग असेल तर हिच्यात कढीपत्ता छान येईल.

गावाची बोट, गोठ्यामागं पडलेली, पण तळ टणक : विकत घेऊ नका. सरपंचांना गाठा, पाच जण गोळा करा आणि तिथंच दुरुस्त करा. या एकाच बाबतीत नव्या बोटीच्या भावाशी तुलना करायची गरज नाही, कारण पूर येईल त्या रात्री नवी बोट दुकानात असेल आणि रस्ता पाण्याखाली.

दुरुस्त करून विकायची असेल तर

गिऱ्हाईक येईल. हातोडी, खडू, दाभण काहीही न आणता येईल, बोटीभोवती एक चक्कर मारेल, रंगावरून हात फिरवेल आणि "लई भारी" म्हणेल. अशा माणसाला बोट विकणं अगदी सोपं असतं. तो एकटाच तिच्यात बसणार असेल तर व्यवहार करून टाका. बायकापोरं बसणार आहेत असं म्हणाला, तर तुमची हातोडी त्याच्या हातात द्या आणि चहा येईपर्यंत वाजव म्हणावं.